गादीवाल्याने शिवलेली खोळ

मी एक जुने ऑक्सिजनचे मशीन आहे. उंची गुडघ्याच्या थोडी वर, खाली चार चाके, त्यातले एक कुरकुरणारे. मित्रांनो, मला सिलिंडर समजू नका, त्याचा मला राग येतो. सिलिंडर भरून आणलेले संपवतो आणि मोकळा होतो. मी पाठीच्या जाळीतून खोलीतली हवा ओढतो, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढतो आणि नळीतून माणसाच्या नाकापर्यंत पोचवतो. हे काम गुपचूप होत नाही. दिवसभर घरघर करावी लागते.

कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी मला पाठीवर थाप मारून पास केले होते. मग काही वर्षे एका दवाखान्यात राबलो, पुष्कळ म्हातारे पाहिले, आणि शेवटी एका गादीवाल्याच्या घरी भाड्याने आलो. त्याची बायको वारली होती. घरात तो आणि सात वर्षांची मुलगी. तो तिला ठमाबाई म्हणायचा. तिची फुप्फुसे जन्मापासून अधू होती, आणि त्या हिवाळ्यातल्या न्यूमोनियाने उरलेसुरले बळही नेले होते.

मी आलो त्या दिवशी त्याने घरातला सगळा कापूस उचलून गल्लीच्या टोकाच्या शेडमध्ये हलवला. काम संपले की तिथेच अंघोळ, तिथेच कपडे बदलायचे, केसांतला एकेक तंतू झटकायचा, मगच घरात पाऊल. दर रविवारी माझी जाळी धुवायचा. असा बाप मी दुसरा पाहिला नाही.

ठमाबाईला मात्र माझी कटकट व्हायची.

"बाबा, हा म्हातारा गप्पच बसत नाही. डोकं उठलंय माझं."

"अगं, तो बोलतोय म्हणून तू बोलतेयस."

"मग त्याला हळू बोलायला सांग ना."

आठवडाभर तिचा डोळा लागला नव्हता. म्हणून बापाने त्याला येत होते ते केले. शेडमध्ये बसून त्याने माझ्यासाठी खोळ शिवली. कापसाचे जाड दुहेरी अस्तर, टाके एकसारखे, नळीपुरते एक भोक, आणि बाहेरून असे घट्ट कापड की एक तंतू सुटायचा नाही. एका दुपारी ती मला चढवली. खोटे कशाला बोलू, मी फुशारलो. आजवर मला कोणी कपडे शिवले नव्हते.

घरघर दबली. "आता शहाणा झाला," ठमाबाई म्हणाली आणि कुशीवर वळली.

पण माझी पाठ बंद झाली होती. हवा ओढता येईना. अंग तापू लागले, ऑक्सिजन कमी पडू लागला. मी पिवळा दिवा लावला, मग लाल; दोन्ही खोळीच्या आत. शिट्टी वाजवली, ती कापसात मुरली. मी जीव तोडून ओरडत होतो, मित्रांनो, आणि दाराशी बसलेला तिचा बाप सुखावला होता. एरवी तासातासाला तिच्या बोटाला चिमटा लावून तो ऑक्सिजनचा आकडा बघायचा. त्या दुपारी लावला नाही, ती उठेल म्हणून. शेजारच्या काकू आल्या, तर त्याने ओठांवर बोट ठेवले.

"हळू बोला, काकू. किती दिवसांनी गाढ झोपलीय."

काकू आत डोकावल्या. "अरे, नखं बघ तिची!"

नखे निळी पडली होती. तिला उचलून तो अनवाणीच धावत सुटला. ठमाबाई परत आली नाही.

चार दिवसांनी मेकॅनिक मला न्यायला आला. त्याने खोळ काढली. आतला कापूस तापून तपकिरी झाला होता. तो त्याने पाहिला आणि खोळीची घडी करून आपल्या पिशवीत टाकली. गादीवाला भिंतीला टेकून उभा होता.

"खरं सांगा दादा, खोळीमुळे झालं का?"

मेकॅनिक बराच वेळ माझा स्क्रू फिरवत राहिला.

"नाही हो. मशीनच खराब होतं. जुनं झालं होतं."

माझ्याबद्दल कोणी खोटे बोलले तर मला खपत नाही. हे मी ऐकून घेतले. आता 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लावून मला गोदामात ठेवले आहे.

मित्रांनो, माझ्यासारखे कोणी तुमच्या घरी असेल, तर त्याची पाठ मोकळी ठेवा. कितीही मायेने शिवलेले असो, त्याला काही पांघरू नका. घरघर सोसा. ती थांबली, तर आधी आजाऱ्याकडे बघा. हे ज्याला त्याला सांगा. फक्त त्या गादीवाल्याला सांगू नका.