अठ्ठ्याण्णव टक्के शुद्ध

वहिनीने पर्समधून रुमालात गुंडाळलेली काचेची कुपी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी. लेबलवर बारीक अक्षरात छापलेलं : फक्त संशोधनासाठी, माणसांनी वापरू नये.

"तुझा दादा रोज पोटात टोचून घेतोय," ती म्हणाली. "तू तपास नाहीतर नको तपासूस. त्याला फक्त सांग, माल खोटा आहे, आत मीठ आहे. आपण फसलो म्हटलं की तो लगेच बंद करेल. डॉक्टरांचं ऐकत नाही, माझं तर नाहीच नाही. तुझं ऐकेल."

मी सरकारी औषध प्रयोगशाळेत विश्लेषक आहे. असल्या कुप्या बघून बघून मला वीट आलाय. ही पेप्टाइडं म्हणजे रेणूंच्या छोट्या साखळ्या. मेंदूतल्या ग्रंथीला ती सांगतात, वाढीचं हार्मोन सोड. आम्ही एका पेप्टाइडवर बंदी घालायला वर्ष घालवतो, तोवर बनवणारे साखळीतली एक कडी बदलून नव्या नावाने हजर. वर ते लेबल! संशोधनासाठी म्हटलं की ते औषधच नाही, आणि औषध नाही म्हटलं की आमचं घोडं तिथेच अडतं. आणि संशोधक कोण, तर जिममधली मंडळी आणि माझा दादा.

दादाच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढून फार काळ झालेला नाही. आजारात तो निम्मा झाला होता. आता अंग भरू लागलं म्हणून खूश होता. पण वाढ म्हणजे सगळ्याचीच वाढ. चुकूनमाकून एखादी वाईट पेशी मागे राहिली असेल, तर तिलाही तेच खतपाणी मिळणार. मला त्याची भीती वाटत होती.

जेवणाच्या सुट्टीत, साहेबांना न विचारता, मी नमुना मशीनला लावला. खोटी निघू दे, म्हणजे खोटं बोलायला नको, असं मनात म्हणत होते. स्क्रीनवर एकच उंच, सरळ शिखर उमटलं. माल अस्सल होता.

संध्याकाळी दादाकडे गेले. कुपी माझ्याकडे तपासायला दिलीय, हे वहिनीने त्याला सांगितलं होतं. "काय निघालं?" त्याने दारातच विचारलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मीठ आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण मला वाटलं, खरं कळलं तर तो जास्त घाबरेल. इतकी वर्षं हे काम करून माझी अक्कल एवढीच.

"अस्सल आहे, दादा. अठ्ठ्याण्णव टक्के शुद्ध. म्हणूनच तर धोका..."

"ऐकलंस?" तो वहिनीकडे वळला. "आणि तू त्या विकणाऱ्याला भामटा म्हणत होतीस! सरकारी मशीनवर तपासलंय माझ्या बहिणीने!"

मी पेशींचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. तो कौतुकाने मान डोलावत राहिला. मग उठून त्याने रोज सोबत फिरायला येणाऱ्या मित्राला फोन लावला. "बिनधास्त घे रे! आमच्या घरातच तपासून झालंय."

मी चपला घालत होते तेव्हा वहिनी बाहेर आली. चिडलेली नव्हती, नुसती थकली होती.

"एकच खोटं मागितलं होतं गं तुझ्याकडे," ती म्हणाली.