वाडीवरचं लसीकरण पूर्ण

लंपीची साथ शेजारच्या तालुक्यात आली, तेव्हा डेअरीने आपल्या पशुसेवकांना गावं वाटून दिली. पाथर्डीकडच्या डोंगरपट्ट्यातली निम्मी निकिताकडे आली, निम्मी वाल्मिककडे. दिवे लागायच्या आत दोघांनी ग्रुपवर दिवसभराचं काम टाकायचं: गाव कोणतं, जनावरं किती टोचली, अडचण काय. राहुरीच्या ऑफिसात बसलेले कल्याण सर लगेच खाली अंगठा टाकायचे. अपडेट आलं नाही तर फोन यायचा. आलं की कोणी काही विचारायचं नाही.

वाल्मिक तिच्यापेक्षा बराच मोठा. ती नोकरीला लागली, तेव्हा बिथरलेल्या गाईपुढे कसं उभं राहायचं ते त्यानेच शिकवलं होतं. ती त्याला भाऊ म्हणायची. तिच्या गावांत रोज काहीतरी अडायचं. कुठे जनावरं रानात गेलेली, कुठे म्हातारे जनावरांना लस टोचू द्यायला तयार नसायचे. वाल्मिकच्या अपडेटमध्ये मात्र अडचणीपुढे कायम 'नाही'. भाऊला काही अडत कसं नाही, याचं तिला नवल वाटायचं.

एकदा नेहमीचा रस्ता खचला म्हणून ती वाल्मिकच्या वाटणीच्या वाडीवरून निघाली. लसीची पेटी बघून राहीबाई नावाच्या बाईने तिची गाडी थांबवली आणि आमच्या वाडीवर कधी येणार म्हणून विचारलं. त्या वाडीचं लसीकरण पूर्ण झाल्याचं वाल्मिकने परवाच लिहिलं होतं. निकिताने सोबतची लस पुढच्या गावाची आहे असं सांगितलं, लवकर येऊ म्हणाली आणि गाडी तडक वाल्मिकच्या घरी नेली.

तो बाजेवर पडून होता. तोंड सुजलेलं, दंडाला पट्टी. त्याने काही लपवलं नाही. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा नगरला मशीनवर जावं लागत होतं, आणि दुसऱ्या दिवशी गाडीवर बसायचंही त्राण उरत नव्हतं. रजा संपल्या होत्या. ऑफिसला कळलं तर नोकरी जाणार, आणि नोकरीमुळे मिळालेलं मोफत उपचाराचं कार्डही. बर्फ वितळून खराब झालेली लस तो घरामागे खड्ड्यात पुरत होता.

"चार दिवस सांभाळून घे," तो म्हणाला. "जरा अंगात बळ आलं की सगळ्या वाड्या फिरतो."

निकिताने कोणाला सांगितलं नाही. त्याच्या वाड्या आपणच उरकू, असं तिने ठरवलं, आणि रविवारी एक केलीही. पुढच्या रविवारी तिची मुलगी तापाने फणफणली, त्याच्या पुढच्या रविवारी ऑफिसने मीटिंगला बोलावलं. तोवर वाल्मिकच्या बोटांना टाईप करवेना, म्हणून त्याचं अपडेट तीच लिहून धाडू लागली; तो ते नुसतं ग्रुपवर फॉरवर्ड करायचा. खरं वाटावं म्हणून ती मध्येच एखादी अडचण घालायची: दोन गाई चरायला गेल्या, उद्या घेऊ. असं सविस्तर लिहीत चला, म्हणून कल्याण सरांनी सगळ्यांना वाल्मिकचा दाखला दिला.

आणि लंपी राहीबाईच्या वाडीवर आली.

निकिता पोचली तेव्हा राहीबाईच्या दोन्ही गाई गेल्या होत्या. अंगभर गाठी, पाय सुजून खांबासारखे. जेसीबी ओढ्याकाठी खड्डा घेत होता. राहीबाई रडत नव्हती. निकिताकडे न बघताच ती म्हणाली, "त्यो आला न्हाई, त्याला काय झालं हुतं देवाला ठावं. पर तू तर इथं थांबून, माझ्याशी बोलून गेल्तीस."

संध्याकाळी निकिताने ग्रुपवर सगळं लिहिलं, वाल्मिकचं नाव घालून आणि आपलंही. थोड्याच वेळात तो मेसेज ग्रुपवरून उडवला गेला. कल्याण सरांचा फोन आला. ते चिडले नाहीत. डेअरीने वरती पूर्ण लसीकरणाचा अहवाल दिलाय, आता मागे फिरता येत नाही, लस देऊनही साथ आली एवढंच लिही, असं त्यांनी समजावलं. ती नाही म्हणाली. सकाळी नेमकं तेच वाक्य ग्रुपवर आलं, वाल्मिकच्या नावाने. निकिताने त्याला फोन केला.

"पोरं लहान हायेत गं," तो म्हणाला. तिने फोन ठेवला.

थंडीच्या दिवसांत वाल्मिक गेला. ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली, आणि दुसऱ्या दिवशी कल्याण सरांनी त्याची गावं निकिताला जोडून दिली.

पुढच्या साली ती लस घेऊन सगळ्यांत आधी त्या वाडीवर गेली. राहीबाईचा गोठा रिकामा होता. तिथे आता सरपण रचलेलं. निकिता शेजारच्या दावणीकडे वळली. कालवड हिसके देत होती आणि धरायला घरात कोणी नव्हतं. तिने राहीबाईला हाक मारली. राहीबाईने ऐकलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.