चौदा मिलिमीटरचा सायलेन्सर

मी उल्हासच्या रायफलीचा सायलेन्सर. हळू बोलतो, कारण तोच माझा धंदा. तीन महिन्यांपूर्वी आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या या घरात आलो, आता एका लोखंडी कपाटात कुलूपबंद आहे आणि अजून एकाही गोळीचा आवाज गिळलेला नाही.

उल्हास मूळचा पुण्याचा, इथे वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटीला. केसभर फरक दिसला तरी माल परत पाठवणारा. छंद एकच, रेंजवरची नेमबाजी. त्यापायी डाव्या कानात शिटी वाजू लागली, ती थांबलीच नाही. बायको मृणालिनी जवळच्या मलिंगार गावी डॉक्टर. तिने निक्षून सांगितलं, "सायलेन्सर आण, नाहीतर रायफल विक. गेलेला कान परत येत नाही."

२०२०च्या डिसेंबरात थोडे दिवस जिल्ह्याबाहेर जायची मुभा मिळाली. गार्डांची, म्हणजे इथल्या पोलिसांची, परवानगी खिशात घालून स्वारी दुकानात हजर. दुकानदाराने आम्हा दोन सायलेन्सरांना पुढे मांडलं. एक नळीच्या तोंडावर थेट आट्यांनी बसणारा, म्हणजे मी. दुसऱ्यासाठी नळीवर आधी कडं बसवायचं, मग तो त्यावर खटकन अडकतो. उल्हासला माझा साधेपणा आवडला.

"आटे कितीचे?" दुकानदाराने विचारलं.

"चौदा मिलिमीटर," पठ्ठ्या इंटरनेटवर वाचलेलं ठोकून मोकळा! दिवसभर जगाच्या वस्तू मोजणाऱ्याने घरची नळी मोजली नव्हती.

ती निघाली अर्ध्या इंचाची. मी तिच्यावर सैल टोपीसारखा डुगडुगलो. तोवर पुन्हा लॉकडाऊन. दुकान बंद, पाच किलोमीटरपलीकडे पाऊल टाकायचं नाही. उल्हासही अडकला, मीही.

मार्चमध्ये त्याचा धीर सुटला. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप त्याने आट्यांवर गुंडाळली आणि मला पिळून बसवलं. "बघ, ग्रँड बसलाय! रेंज उघडली की पहिल्याच दिवशी जातो."

मी वाकडा बसलो होतो. गोळी माझ्या आतल्या भिंतीवर आदळली असती आणि माझे तुकडे त्याच्या तोंडावर. भीतीने ओरडावंसं वाटलं, पण ओरडणं आमच्या घराण्यात नाही.

मृणालिनीने मला हलवून पाहिलं. "तुझ्या लाइनवर हा पीस पास केला असतास?"

त्याने मला नळीवरून उतरवलं. मग टेप सोडवली. कारखान्यात नापास मालाला बांधतात तसली लाल चिठ्ठी माझ्या गळ्यात बांधली: 'वापरू नये.'

"ठेव आता प्रेसमध्ये," ती म्हणाली (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) आणि या कपाटाचं दार लागलं.

इथे जीव गुदमरतो. बाहेरून त्याचा आवाज येतो, "काय म्हणालीस? उजवीकडून बोल ना."

उल्हास, दुकान उघडलं की आधी नळी मोज आणि माप लिहून ने. मला परत दे, माझ्या जागी दुसरा येऊ दे. पण त्याला लावल्याशिवाय एकही गोळी झाडू नकोस. उजवा कान अजून शाबूत आहे.