शंभरात एकोणतीस

रांगेतल्या एका गृहस्थाने कॉफीचा कप व्हिटकॉम कॉलेजच्या माहितीपुस्तिकांच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि तो खुशाल फोन बघू लागला. लोर्ना टिबेट्सने कप उचलून त्याच्या हातात दिला आणि हसली.

"आमच्याकडेही डोकावा की," ती म्हणाली. "नाहीतरी उभेच आहात."

"हो हो, येतो ना," गृहस्थ म्हणाला आणि रांगेबरोबर दोन पावलं पुढे सरकला. रांग शेजारच्या टेबलाची होती, वेक्स्ली कॉलेजची. ती लोर्नाच्या टेबलासमोरून वळून पार बास्केटबॉलच्या कड्याखालपर्यंत गेली होती, आणि तिच्यातली माणसं कंटाळली की लोर्नाच्या टेबलावर हात टेकत होती.

दर मे महिन्यात या शाळेच्या जिममध्ये कॉलेजांचा मेळा भरायचा. टेबलं नावांच्या अक्षरक्रमाने मांडायची, त्यामुळे वेक्स्लीला लागून व्हिटकॉम हे ठरलेलंच. लोर्ना व्हिटकॉमची प्रवेशप्रमुख. पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरात वसलेलं दीड हजार मुलांचं ते कॉलेज तिने वर्षानुवर्षं आपल्या हिमतीवर भरलं होतं. पूर्वी या शेजाराचं तिला काही वाटत नसे. तेव्हा वेक्स्लीचा माणूस मेळ्यात एकटाच शब्दकोडं सोडवत बसायचा. जो अर्ज करील तो वेक्स्लीत, अशी त्या कॉलेजची कीर्ती होती. मग तिथे मार्गो फेंटन गेली आणि चित्र पालटलं. आता शंभर मुलांनी अर्ज केला तर वेक्स्ली चौदांना घेतं. बाकीच्यांना नाही म्हणतं, आणि नाही म्हणतं म्हणूनच पुढच्या वर्षी आणखी अर्ज येतात. आईबापांना बंद दार दिसलं की तेच ठोठावावंसं वाटतं.

बरं, या मार्गोला अर्ज वाचायला शिकवलं कुणी? लोर्नाने. चार वर्षांची पोर कडेवर घेऊन मार्गो व्हिटकॉममध्ये फोन उचलायच्या नोकरीला आली होती. लोर्नाने तिला जवळ बसवलं, मुलांचे निबंध तिच्यापुढे ठेवले, कुठल्या वाक्यात मूल बोलतं आणि कुठल्या वाक्यात त्याचा बाप बोलतो ते ओळखायला शिकवलं. सहा वर्षांनी मार्गो वेक्स्लीत गेली, प्रमुख होऊन. निरोपाच्या दिवशी लोर्ना तिच्या गळ्यात पडून रडली होती. ते रडणं खरं होतं. पुढे दर वर्षी वेक्स्लीचा आकडा खाली येत गेला तसतसं तिच्या पोटात दुखू लागलं, तेही तितकंच खरं.

आणि या वर्षी तिच्याकडेही आकडा होता. गेल्या साली शंभरात चव्वेचाळीस, यंदा एकोणतीस. व्हिटकॉम पहिल्यांदा तिसाच्या खाली उतरलं होतं. अध्यक्षांनी तिला जेवायला बोलावून पाठ थोपटली होती. यात जादू काही नव्हती. अर्जाची फी काढून टाकली, निबंध ऐच्छिक केला, देशभरातल्या मुलांना 'आम्ही तुमची वाट पाहत आहोत' असे मेल धाडले. अर्ज दीडपट झाले, जागा होत्या तेवढ्याच राहिल्या. नकार द्यायला माणसं आमंत्रण देऊन गोळा केली, इतकंच. पण आकडा खाली आला, आणि आकड्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू कसा आलास.

तो मार्गोच्या कानावर घालायचा आणि तिचा चेहरा बघायचा, एवढ्यासाठी लोर्ना आज स्वतः आली होती. नाहीतर अशा मेळ्यांना ती हाताखालच्या पोरांना पाठवी.

वेक्स्लीच्या टेबलापाशी एक उंच मुलगी लाल टी-शर्टात उभी राहून पेनं वाटत होती. लोर्नाने तिला आधी ओळखलंच नाही. मग मुलीने केस कानामागे सारले, आणि ती कडेवरची पोर दिसली. विनी. मार्गोची विनी. टी-शर्टावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: वेक्स्ली.

लोर्नाला आतून गार वाटलं. बघा, मी म्हटलंच होतं.

फेब्रुवारीत विनीचा अर्ज तिच्या पडद्यावर आला होता. या वर्षी इतके अर्ज वाचणं माणसाच्या हातचं नव्हतं, म्हणून कॉलेजने एक प्रणाली विकत घेतली होती. कुठलं मूल खरोखर येईल आणि कुठलं नुसता अर्ज टाकून दुसरीकडे जाईल, त्याचा अंदाज ती प्रत्येक नावापुढे मांडायची. कॉलेज बघायला कधी आली? नाही. ऑनलाइन बैठकीला बसली? नाही. आमचे मेल उघडले? एकही नाही. गुण मात्र उत्तम. अशा मुलांना प्रवेश दिला तर चांगलं काही मिळालं की ती निघून जातात, त्यांच्या जागी आणखी मुलं घ्यावी लागतात, मग आकडा बिघडतो. विनिफ्रेड फेंटन या नावापुढे लाल खूण होती. ते आडनाव बघून लोर्नाला हसू आलं. आईचं कॉलेज घरात असताना ही कशाला येतेय इथे? आम्हाला अडीअडचणीचं कॉलेज समजते काय! तिने अर्ज उघडलाच नाही. एक बटण दाबलं आणि विनीला वेटिंग लिस्टवर टाकलं. त्या दिवशी तिने संध्याकाळी घरी जाऊन वाइनची चांगली बाटली फोडली होती.

रांग जरा विरळ झाली तशी मार्गो स्वतःच आली, कागदी रुमालात दोन डोनट घेऊन.

"खा. सकाळपासून काही खाल्लं नसशील. मी ओळखते ना तुला."

"वजन वाढतंय माझं."

"माझं काय कमी होतंय? घे गं."

लोर्नाने डोनट घेतला, पण खाल्ला नाही. "आमचं यंदाचं कळलं असेल तुला," ती अगदी सहज म्हणाली.

"एकोणतीस! कळलं ना! मी तर ऑफिसात ओरडलेच. सगळ्यांना सांगितलं, ही माझी गुरू." मार्गोने तिचा दंड दाबला. "पण इतके अर्ज वाचून संपवलेस कसे? तुझ्या डोळ्यांची काळजीच वाटली मला."

तिच्या चेहऱ्यावर लोर्नाने शोधून पाहिलं. कुठे म्हणून काही सापडेना. बाईला खरंच आनंद झाला होता. आपल्याला तिच्या चौदा टक्क्यांचा असा आनंद एकदा तरी झाला होता का, हे लोर्नाने स्वतःला विचारलं नाही. तिला नुसता राग आला.

"जमतं," ती म्हणाली. मग लाल टी-शर्टाकडे हनुवटी उडवून म्हणाली, "विनीला छान दिसतो तुमचा रंग. मग आमच्याकडे अर्ज कशाला केला तिनं? फी नव्हती म्हणून? की जाता जाता खडा मारून बघितला?"

मार्गोने डोनट रुमालात ठेवला.

"तिनं दोनच अर्ज केले होते, लोर्ना. एक तुझ्याकडे. दुसरा माझ्याकडे, तोही मी मागेच लागले म्हणून."

"ती कॉलेज बघायलासुद्धा आली नाही."

"बघायला?" मार्गो हसली, पण ते हसू पुरतं उमटलं नाही. "अगं, तुमच्या त्या मोठ्या टेबलाखाली वाढलीय ती. तुमच्या हिरवळीवर सायकल शिकली, गुडघे फोडून घेतले. जेवणघराचं मागचं दार कसं ढकललं की उघडतं, तेसुद्धा माहितीये तिला. आणखी काय बघणार होती?"

"आणि आमचे मेल?"

"न उघडता पुसून टाकायची. म्हणायची, व्हिटकॉम कसं आहे ते मला काय सांगतात!"

लोर्नाला पलीकडच्या टेबलावरचा गोंगाट एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

"मग एक फोन करायचास मला."

"तूच तर शिकवलंस. ओळखीच्या पोरासाठी फोन करायचा नाही. मी आजवर केला नाही, कुणासाठीच." मार्गोने आवाज खाली आणला. "माझं काही म्हणणं नाही, खरंच. निर्णय तुझा होता. पण पोरीला फार लागलं गं. परक्यानं नाही म्हटलं असतं तर झटकून टाकलं असतं तिनं. तिच्या डोक्यात बसलंय की मिस लोर्नानं आपलं सगळं वाचलं आणि आपल्यात काहीतरी कमी दिसलं तिला. मी तरी काय समजावू? लोर्ना वाचल्याशिवाय कुणालाही बाजूला ठेवत नाही, हे मीच तिला सांगत आले ना जन्मभर."

लोर्नाने एका हाताने पुस्तिकांचा गठ्ठा सरळ केला.

"काय दिसलं तुला?" मार्गोने विचारलं. "सांगायचं नसेल तर राहू दे. पण मी आई आहे, मला सारखं तेच येतं मनात."

एवढंच सांगायचं होतं की मी वाचलं नाही. दुसऱ्या कुणाला सांगितलंही असतं. पण जिला वाचायला शिकवलं, जी अजूनही गुरू म्हणते, तिच्यासमोर? आणि तिची ती रांग सगळी ऐकत असताना? लोर्नाची जीभ रेटेना.

"यंदा अर्जच फार चांगले होते," ती म्हणाली. "जागा थोड्या."

मार्गोने तिच्याकडे पाहिलं. हे वाक्य ती स्वतः दर मार्चमध्ये हजारो मुलांना पाठवत होती.

"हो," ती म्हणाली. "मीही तेच लिहिते."

"वेटिंग लिस्ट अजून बंद नाही केलेली. मी उद्या सकाळी..."

"तिनं नाव काढून घेतलं, लोर्ना. आमच्याकडे पैसे भरून झाले. आज पहिल्यांदा जरा हसतेय, तर राहू दे." मार्गोने लोर्नाच्या हातातला न खाल्लेला डोनट काढून घेतला, रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवला आणि ती आपल्या रांगेकडे गेली.

थोड्या वेळाने एक बाई रांगेतून बाहेर पडून लोर्नाकडे आली. मागे तिची मुलगी होती, सोळा-सतरा वर्षांची, आईच्या पर्सचा पट्टा धरून उभी. मुलीने 'हाय' म्हटलं ते ऐकू आलं नाही, नुसते ओठ हलले.

"त्या लाल शर्टवाल्या पोरीनं पाठवलं आम्हाला," बाई म्हणाली. "गोड आहे हो पोर. स्वतःचं कॉलेज सोडून तुमचंच कौतुक करत होती. मी म्हटलं, आमची डेल्फीन बोलत नाही फारशी, मुलाखतीत गप्प बसते, लिहिते मात्र सुंदर. तर ती म्हणाली, मग या रांगेत उभ्या राहू नका, शेजारी जा. तिथे एक बाई आहेत, त्या प्रत्येक अर्ज स्वतः वाचतात, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. तुम्हीच ना त्या?"

लोर्नाने शेजारी पाहिलं. विनी पेनं खोक्यात नीट लावत होती. मान खाली होती, पण हात थांबले होते. तिच्यापलीकडे मार्गो एका जोडप्याशी बोलत होती. सगळे इतके जवळ होते की इथे कुणी कुजबुजलं तरी तिथे ऐकू जावं.

हो म्हटलं की झालं. बाई खूश, गप्प मुलीचा अर्ज पक्का, एकोणतीसचे अठ्ठावीस करायला आणखी एक हात. आणि विनीचाही हिशेब कायमचा पुरा. मिस लोर्नानं वाचलं, आणि मी तिला आवडले नाही.

"वाचता ना?" बाईने पुन्हा विचारलं.

"नाही," लोर्ना म्हणाली. तिचा आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. "पूर्वी वाचत होते. यंदा कितीतरी अर्ज मी उघडलेसुद्धा नाहीत."

बाई गोंधळली. तिने मुलीकडे पाहिलं, मग हातातल्या माहितीपुस्तिकेकडे. विनीने मान वर केली.

"माझा?" तिने विचारलं.

"तुझाही नाही." लोर्नाने टेबलाची कड धरली. "नाव बघितलं. आईचं आडनाव बघितलं, आणि बाजूला टाकला. तुझ्यात काही कमी दिसलं नव्हतं, विनी. मी बघितलंच नव्हतं."

मार्गोचं बोलणं अर्ध्यावर थांबलं. समोरचं जोडपं वाट बघत राहिलं. बाईने पुस्तिका हळूच गठ्ठ्यावर परत ठेवली, डेल्फीनला कोपराला धरलं आणि दोघी पुन्हा वेक्स्लीच्या रांगेत शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

विनी लोर्नाकडे बघत होती. डोळे भरून आले होते, पण रडत नव्हती.

"मी त्यात तुमच्याबद्दल एक शब्द लिहिला नव्हता," ती म्हणाली. "टेबलाखालचं, सायकलचं, काहीच नाही. ओळख दाखवल्यासारखं वाटू नये म्हणून."

मग तिने मनगटाने नाक पुसलं आणि रांगेतल्या पुढच्या मुलाला पेन द्यायला वळली.