पाऊण इंची अक्षरं

“पाऊण इंच!” मी टेप सटकन मिटवली आणि माझा दोस्त ट्रूएट टेबलावर हात आपटत खो खो हसला.

व्हर्लीनच्या हॉटेलच्या दारावर त्या सकाळी कागद चिकटवलेला होता. निळ्या पेनानं दोनदा गिरवून लिहिलं होतं, ‘कृपया पिस्तूल गाडीत ठेवून आत या.’ पण आमच्या टेक्ससमध्ये पिस्तुलाचा परवाना असलेल्याला अडवायचं तर पाटीसुद्धा कायद्यात बसणारी लागते. ठरलेला मजकूर, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, एकेक अक्षर निदान इंचभर उंच. माझा जन्म विहिरींवरचे पंप दुरुस्त करण्यात गेला, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून मोजलं. अवदसा आठवली मला, दुसरं काय!

“म्हणजे ही पाटी नव्हेच,” ट्रूएट म्हणाला. “नुसता कागद.”

आणि हे म्हणतंय कोण, तर ट्रूएट! तीन आठवड्यांपूर्वी खुर्चीत बसताना त्याच्याच कमरेचं पिस्तूल खाली पडलं आणि उडालं. गोळी ‘पाय’ नावाचे गोड पदार्थ ठेवायच्या कपाटाची काच फोडून गेली. कपाटामागे व्हर्लीन बशी घेऊन उभी होती. तिला खरचटलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ट्रूएटनं स्वतः नवी काच बसवून दिली. ‘बिचाऱ्या पेकन पायचा बळी गेला,’ म्हणून आम्ही तेव्हाही हसलो होतो.

व्हर्लीन कॉफीचं भांडं घेऊन आली. ओतताना थोडी बशीत सांडली.

“अगं, असली पाटी चालत नाही,” ट्रूएट तिला समजावून सांगू लागला. “चांगली मोठी लाव.”

“लावली असती. अर्धं दार झाकून जातंय. उजेड कुठून यायचा?”

“मग तोंडानं सांग. तेही कायद्याला चालतं. म्हण एकदा, ट्रूएट, बाहेर हो!”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नवऱ्याच्या शवपेटीला यानंच खांदा दिला होता. गारपिटीत छप्पर फुटलं तेव्हा हाच वर चढला होता. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘चल रे, दोघंही पिस्तुलं गाडीत ठेवून येऊ,’ एवढंच मी म्हणायला हवं होतं. मी कपात बघत बसलो.

“तोंडानं सांगता आलं असतं तर कागद कशाला लिहिला असता रे?” असं म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी कागद नव्हता. चिकटपट्टीचे डागही तिनं खरवडून काढले होते. आमचे कप मात्र काउंटरच्या टोकाला ठेवलेले. “घेऊन जा आपापले,” ती लांबूनच म्हणाली. एकोणीस वर्षं ही बाई टेबलापाशी येऊन ओतत होती. माझी बायको ओपल वारल्यापासून ‘डेलमर, झोप लागली का रे?’ एवढं विचारणारं दिवसभरात हेच एक माणूस होतं. आता तेही बंद झालं.

त्या दिवसापासून मी पिस्तूल गाडीत ठेवू लागलो. ट्रूएट म्हणाला, “जे कायद्यात बसत नाही ते कशाला पाळायचं?” त्याचंही चूक नव्हतं. पण व्हर्लीनला कळणार कसं? माझं पिस्तूल नेहमी जाकिटाखालीच असायचं. असलं काय आणि नसलं काय, बाहेरून सारखंच. आणि आपण होऊन सांगायला माझी जीभ रेटेना.

दहा दिवसांनी मंगळवारी मी एकटाच होतो.

“व्हर्लीन, हे बघ,” म्हणालो आणि रिकामा पट्टा दाखवायला उजव्या हातानं जाकीट मागे सारलं.

तिला फक्त माझा कमरेकडे गेलेला हात दिसला. बशी फुटली. काउंटरमागे ती डोक्यावर हात घेऊन जमिनीवर बसली होती.

“नाहीये गं! गाडीत आहे! नाहीये माझ्याकडे!” मी दोन्ही हात वर करून ओरडत राहिलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

बऱ्याच वेळानं ती उठली. एप्रन झटकला, कॉफी ओतली, कप टोकाला सरकवला आणि भटारखान्याच्या दारापर्यंत मागे सरली.

“ठाऊक आहे रे मला,” ती म्हणाली. “खिडकीतून रोज बघते, तू गाडीत ठेवतोस ते. ठाऊक आहे. पण तू आपला कप घे आणि जा.”

मी कप दोन्ही हातांनी उचलला, तिला दोन्ही हात दिसावेत म्हणून.