सगुणाबाईंचा अंगीकार

“आत्या आत गेल्या, इरम्मांबरोबर. मी बाहेर महानंदापाशी बसले होते.”

प्रेमला एवढं बोलली आणि पायाच्या अंगठ्यानं सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत राहिली.

आपण भलतंच काहीतरी ऐकलं, असं सगुणाबाईंना क्षणभर वाटलं. चर्चमध्ये मंडळीची सभा बसली होती. मध्ये पाळक दानिएल, म्हणजे प्रेमलाचा नवरा. त्यांच्या शेजारी मंडळीतले ज्येष्ठ शलमोन साळवे. भिंतीला टेकून बाकीची चारदोन माणसं. समोर सगुणाबाई एकट्या उभ्या.

साळवे म्हणाले, “सगुणाबाई, तुमच्या पदराला कुंकू लागलं हुतं. शेजारच्या व्यंकटच्या बायकोनं यष्टीत डोळ्यानं बघितलं. व्हय का न्हाय?”

“व्हय, लागलं होतं.”

“मग तुळजापुरात देवीम्होरं गेलता का न्हाय?”

“न्हाय. मी महाद्वाराबाहेर बसले होते.”

“मग प्रेमला खोटं बोलती म्हनायचं का?”

सगुणाबाईंनी प्रेमलाकडे पाहिलं. तिची मान अजून खालीच होती.

भूमच्या अलीकडच्या त्या गावात सगुणाबाईंना लोक बायबलबाई म्हणत. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. मिशनच्या मडमेनं त्यांना अक्षर शिकवलं आणि मग अंगीकार शिकवला. आपण काय मानतो ते प्रश्नोत्तरांत मांडलेलं. मडम सांगायची, तीनचारशे वर्षांपूर्वी थंडीच्या मुलखातली माणसं राजांपुढे, धर्मगुरूंपुढे उभी राहिली आणि म्हणाली, आमचा विश्वास हा असा आहे, आता काय करायचं ते करा. कुणाला देशोधडीला लावलं, कुणाला जाळलं. सगुणाबाईंनी थंडीचा मुलूख पाहिला नव्हता. त्यांना ती माणसं भूमच्या बाजारातल्या माणसांसारखीच दिसत, डोक्याला मुंडासं, पायात धुळीच्या वहाणा. ती आपल्याच चुलतघरातली कुणी असावीत अशा मायेनं त्या अंगीकार म्हणत, आणि वाड्यावस्त्यांवर बायका शेंगा फोडायला बसल्या की त्यांच्यात बसून शिकवत. माणूस देवापुढे कशानं नीतिमान ठरतो? केवळ विश्वासानं, आपल्या करणीनं नव्हे. शेंगा फुटत राहायच्या आणि बायका म्हणत राहायच्या.

भाऊ-भावजय पटकीत गेले तेव्हा त्यांची पोर, प्रेमला, सगुणाबाईंनी उचलून आणली. ती बोलायला लागली तीच मुळी या प्रश्नोत्तरांत. पुढे शिकली, पाळकाची बायको झाली. दानिएलची नेमणूक याच गावात झाली तेव्हा सगुणाबाईंनी गावभर गूळ वाटला होता. फक्त लग्नाला पाच वर्षं होऊनही प्रेमलाची कूस उजवली नव्हती आणि मंडळीतल्या बायका तिला भेटल्या की आधी तिच्या पोटाकडे बघत.

इरम्मा सगुणाबाईंची शेजारीण. गळ्यात लिंग, बोलण्यात मधूनच कानडी. तिची लेक महानंदा तेरखेड्याला दिलेली. तिथं घरात फटाक्यांची दारू भरताना भडका उडाला आणि पोरीचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. माहेरी आणली तेव्हा ती ओळखू येत नव्हती. दवाखान्यातलं मलम लावायचं, फडकी उकळायची, बदलायची, हे सगळं सगुणाबाईंनी केलं. पोर वाचली. इरम्मानं लेक वाचली तर ओटी भरीन असं तुळजाभवानीला बोललेलं होतं.

“तुमी चला संगं,” इरम्मा म्हणाली. “देवळात न्हाय नेत तुमाला, मला ठावं हाय तुमचं. पन पोरीची फडकी बदलाय कोन हाय मला?”

सगुणाबाई गेल्या. निघताना प्रेमला म्हणाली, “मी पण येते, आत्या. तेवढीच सोबत.”

तुळजापुरात गर्दी मावत नव्हती. महानंदाच्या हातांना कुणाचा धक्का लागला असता तरी ती कळवळली असती. म्हणून सगुणाबाई तिला घेऊन महाद्वाराबाहेर एका दुकानाच्या सावलीला बसल्या. प्रेमला म्हणाली, “इरम्मांच्या दोन्ही हातांत ओझं आहे. मी पिशवी धरते, पायऱ्यांपर्यंत जाऊन येते,” आणि पायऱ्या उतरून दिसेनाशी झाली.

परत आली तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू होतं आणि हातात हिरवा खण. डोळे रडून सुजले होते. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सगुणाबाईंनी पदर तांब्यात बुडवला आणि लहानपणी तोंड पुसायच्या तसं तिचं कपाळ खसखसून पुसलं. खण इरम्माच्या पिशवीत गेला. पदर मात्र लाल झाला, आणि पांढऱ्या लुगड्यावरचा तो डाग परतीच्या गाडीत व्यंकटच्या बायकोच्या नजरेत भरला.

गावात फिरत फिरत ही गोष्ट दोन महिन्यांनी मंडळीपर्यंत आली, आणि आता सभेत साळवे विचारत होते, “मूर्तीविषयी अंगीकारात काय सांगितलंय? म्हना बरं.”

सगुणाबाईंनी म्हटलं. एकही शब्द अडला नाही.

“एवढं तोंडपाठ हाय, आनि तरी तुमी...” साळवे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग कमी आणि दुःखच जास्त होतं. त्यांची बायको सगुणाबाईंकडेच शिकली होती.

दानिएल खाली बघत म्हणाले, “आत्याबाई, चूक कबूल करा. मंडळी क्षमा करील. विषय मिटेल.”

“जे केलं न्हाय ते केलं म्हणू? देवाच्या घरात उभी राहून?”

“मग आत कोण गेलं, ते सांगा.”

ते नाव सगुणाबाईंना घेता येत नव्हतं. खरं सांगावं तर दानिएलची पाळकाची जागा जाते आणि त्या पोरीचा संसार. त्यांना आशा होती, की आता प्रेमला मान वर करील. प्रेमला उठली आणि बाहेर गेली.

सभेनं ठरवलं: पश्चात्ताप होईपर्यंत सगुणाबाईंना प्रभुभोजनाची भाकरी बंद, आणि बायबलबाईचं काम बंद.

हे कळलं तशी इरम्मा तणतणत आली. “म्या येते तुमच्या चर्चात. म्या सांगते, तुमी उंबरासुदिक शिवला न्हाय. आत कोन गेलतं तेबी सांगते!”

“इरम्मा, तुला महानंदाची आण आहे. बोलायचं न्हाय.”

“का म्हनून? तिनं तुमाला मातीत घातलं की!”

“घातलं,” सगुणाबाई म्हणाल्या.

प्रेमला दुसऱ्या दिवशी दुपारी आली. सगुणाबाई ज्वारी पाखडत होत्या. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

“आत्या, मला दिवस गेलेत.”

सूप थांबलं.

“सभेच्या आधीच कळलं होतं. मी देवळात गेले हे यांना समजलं असतं तर यांनी मला ठेवलं नसतं, आत्या. पोटातल्या जिवाला घेऊन मी कुठं गेले असते?”

“माझ्याकडं आली असतीस. याआधी कुठं गेली होतीस?”

प्रेमला रडायला लागली. मग एकदम म्हणाली, “हे कुणी दिलं, आत्या? मी देवीला मागितलं आणि मला मिळालं. मी आता काय समजू?”

“देणारा एकच आहे. हे तुला बोबडं बोलायला येत होतं तेव्हापासून शिकवलंय.” सगुणाबाईंचा आवाज चढला. “तू देवळात गेलीस त्याचं मला एवढं न्हाय गं. बाई हताश झाली की कुठंबी जाते. पण तू मला उभी केलीस तिथं. मला! तुझ्या तोंडात मी शब्द घातले आणि त्याच तोंडानं...”

“तुम्ही सांगाल का कुणाला?”

हे ऐकल्यावर सगुणाबाईंच्या मनात जे काही मऊ होत होतं ते तिथल्या तिथं थिजलं. पोर माफी मागायला नव्हती आली. बघायला आली होती.

“न्हाय सांगणार. सांगायचं ते तुझं आहे. जा आता. इथं येत जाऊ नको.”

ती गेल्यावर त्यांनी पुन्हा सूप हाती घेतलं, पण हात चालेना. सवयीनं ओठांवर प्रश्न यायला लागले, आणि त्या प्रश्नांचाच त्यांना राग आला. याच शब्दांनी सभेत आपल्याला बांधलं. पण ओठ थांबले नाहीत. म्हणता म्हणता त्या एका जागी आल्या. मंडळीच्या सभा चुकू शकतात, चुकलेल्या आहेत, म्हणून माणसाचा भरवसा सभेवर असू नये, असं तिथं होतं. किती वर्षं त्यांनी हे बायकांकडून घोकून घेतलं होतं, आणि कधी थांबून पाहिलं नव्हतं. ज्यांनी हे लिहून ठेवलं त्यांनाही कुणीतरी घरच्यानंच असं उभं केलं असेल. त्याशिवाय माणूस असं लिहीत नाही. सगुणाबाई सूप मांडीवर ठेवून पहिल्यांदाच रडल्या. प्रेमलासाठी की स्वतःसाठी, ते त्यांना कळलं नाही.

प्रभुभोजनाच्या रविवारी त्या चर्चमध्ये गेल्या. यायला कुणी बंदी केली नव्हती. बायकांच्या ओळीत त्या बसल्या तशा शेजारच्या दोघी किंचित सरकल्या आणि जागा झाली. थोड्या वेळानं प्रेमला आली. ती नेहमी आत्याच्याच शेजारी बसायची. आज दुसरीकडे बसती तर लोकांनी विचारलं असतं. ती त्या जागेत येऊन बसली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

अंगीकार म्हणायला सगळे उभे राहिले. सगुणाबाईही उभ्या राहिल्या. आपल्या करणीनं नव्हे, हे शब्द आले तेव्हा त्यांचा आवाज बाकीच्यांपेक्षा ना मोठा झाला ना लहान.

मग साळव्यांनी भाकरीचं ताट ओळीत दिलं. एकीच्या हातातून दुसरीच्या हातात ते सरकत आलं आणि सगुणाबाईंच्या अलीकडच्या बाईपाशी अडलं. तिला कळेना, ताट यांच्यावरून पुढं कसं न्यावं. साळवे दुरून बघत उभे राहिले.

सगुणाबाईंनी हात पुढे करून ताट घेतलं. पांढऱ्या कापडावर भाकरीचे बारीक तुकडे होते. त्यांनी ते क्षणभर मांडीशी धरलं, तुकड्यांना बोट लागू दिलं नाही. मग वळून, दोन्ही हातांनी, ते प्रेमलापुढे धरलं.

प्रेमलाचा हात लवकर वर येईना. सगुणाबाई ताट तसंच धरून बसल्या, तिनं तुकडा उचलीपर्यंत.