पाण्याचा दिवस

पदर तोंडावर ओढून लाभूबेनने हंबरडा फोडला, "अरे माझ्या बापूऽ, सोन्यासारख्या बांना एकटं टाकून कुठे गेलात होऽ," आणि त्याच दमात, पदराआडून, आवाज खाली आणून म्हणाली, "बा, आजही नळाला थेंब नाही."

कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकून बसलेल्या प्रसन्नबांनी मान वर केली. त्यांच्या नवऱ्याला, अनोपसिंह बापूंना, जाऊन चार महिने झाले होते. दरबारांच्या, म्हणजे काठेवाडी राजपुतांच्या, घरात विधवेने वर्षभर कोपरा धरायचा. उंबरा ओलांडायचा नाही, काळी साडी सोडायची नाही. भेटायला येणाऱ्या बायका गळ्यात पडून रडतात, चहा पितात आणि जातात. पहिल्या महिन्यात खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मग लग्नसराई सुरू झाली आणि बायकांचे अश्रू आटले. आता येत होती ती एकटी लाभूबेन. नदीकाठच्या शेवटच्या शेरीतून, त्या चिंचोळ्या गल्लीतून, दिवसाआड, दुपारी तीनच्या ठोक्याला. ना नात्याची ना जातीची.

"लाभू, इतकी रडतेस, पण बापूंना तू जवळून पाहिलं तरी होतंस का?"

"पाहिलं ना! मतं मागायला आले होते. गाडी शेरीच्या तोंडाशीच थांबवली, आत चिखल होता." तिने पदर खाली घेतला. डोळे कोरडे ठणठणीत होते. "खरं सांगू? आज पाण्याचा दिवस. तीन ते चार. आमच्या नळाला पाणी असतं तर मी इथे कशाला आले असते, बा? घरी हंडे भरत बसले असते. घरात बसून कोरड्या नळाकडे बघायचं, त्यापेक्षा म्हटलं, बांकडे जाऊन रडून तरी यावं. पुण्य तरी लागेल."

प्रसन्नबांना हसू फुटलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच. कोपऱ्यातल्या बाईला कुणी हसताना पाहू नये म्हणून त्यांनी घाईने घुंगट ओढला.

तेवढ्यात अंगणात मोटार सुरू झाली. नळाच्या लाइनीलाच जोडलेली, पुढच्यांचं पाणी ओढून घेणारी, फरशीखाली लपवलेली. तिची घुरघुर प्रसन्नबा वर्षानुवर्षं ऐकत होत्या. घड्याळाची टिकटिक ऐकावी तशी. लाभूबेनने आवाजाच्या दिशेला एकदा पाहिलं आणि मुकाट्याने बशीत चहा ओतला. ती काहीच बोलली नाही, हेच प्रसन्नबांना लागलं.

टाकी भरून वाहू लागली, तेव्हा लाभूबेन उठली.

"येते बा. परवा येतेच."

तसं पाहिलं तर प्रसन्नबा नगरसेविका होत्या. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा बापूंनी त्यांना उभं केलं. फलकावर बापूंचा फोटो हात जोडलेला, मोठा. बांचा खाली, तिकिटाएवढा. सभेत बापू मागच्या बाकावर बसायचे. ते खोकले की बांचा हात वर. शहरात कुणी त्यांना दोष दिला नाही, कारण कुणी त्यांना जमेतच धरलं नव्हतं. बापू गेल्यावर त्यांचा फोन थोरले दीर रणुभांनी खिशात घातला. सहीचे कागदही तेच आणायचे. शेवटच्या शेरीतले पुरुष पाण्यासाठी येत तेव्हा बापू त्यांना सांगत, "पाइप जुना आहे." आता रणुभा सांगत होते. पाइप मात्र कुणी बदलला नव्हता.

संध्याकाळी दाराबाहेर खोकल्याचा आवाज आला. थोरल्या दिरासमोर बोलायची रीत नाही, म्हणून प्रसन्नबांनी घुंगट ओढला आणि भिंतीकडे तोंड करून, पण दारापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या,

"मोठ्या बापूंना म्हणावं, यांचा फोन माझ्याकडे द्या."

रणुभांनी घसा खाकरला. मग तेही जणू भिंतीलाच म्हणाले, "फोनचं काय लोणचं घालायचंय? दिवसभर लोक गटारांचं रडगाणं गातात. बाईमाणसाला ते ऐकायची सवय नाही."

"चार महिने रडणंच ऐकतेय म्हणावं. सवय झाली."

रणुभांनी फोन उंबऱ्यावर ठेवला. जरा आपटूनच ठेवला. मनातून मात्र सुटल्यासारखं झालं असावं, कारण लगेच चालते झाले.

दुसऱ्या सकाळपासून फोन वाजायला लागला.

"जय माताजी! बापू आहेत का?"

"बापू देवाघरी गेले, भाई."

"अरे हो हो. मग साहेब कोण आता?"

"मी."

"बरं, मग मोठ्या बापूंना द्या ना."

असं दिवसभर चाललं. दुपारी त्यांनीच पाणीखात्याच्या वघासिया इंजिनिअरचा नंबर लावायला घेतला आणि बोट तसंच राहिलं. शेवटच्या शेरीत पाणी पोचलं तर लाभू येणार नाही. ती तसं तोंडावर म्हणालीच होती. दिवसाआडची ती एक बशी चहा, ते खोटं रडणं, त्या खऱ्या गप्पा, सगळं संपेल. वर्ष सरायला अजून आठ महिने होते. राहू दे, त्यांना वाटलं. इतकी वर्षं गेली, अजून थोडे महिने. वाटलं आणि स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी बटण दाबलं.

"वघासियाभाई, आमच्या वॉर्डातल्या लाइनीवरच्या मोटारी उचला."

"उचलतो की बा, एका पायावर! पण पंचाईत अशी की ज्याच्या दारात जातो तो म्हणतो, आधी..." इंजिनिअर अडखळला. "जाऊ द्या. लहान तोंडी मोठा घास."

"आधी नगरसेवकाच्या घरची उचला, असंच ना?"

"मी नाही म्हणत हो, लोक म्हणतात."

"मीही तेच म्हणतेय. उद्या सकाळी या. फाटक उघडं असेल."

सकाळी माणसं आली. फरशी उचकटली, मोटार काढून टेम्पोत टाकली. रणुभा धोतर सावरत धावत आले. माणसांवर ओरडले, इंजिनिअरवर ओरडले आणि शेवटी दारात उभं राहून, आज खोकायचंही विसरून, म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय! बापूंचं वर्षश्राद्धसुद्धा झालं नाही अजून."

प्रसन्नबांनी घुंगट आणखी खाली ओढला.

टेम्पो गल्लीत दारोदार फिरला. बांचीच मोटार वर पडलेली पाहून कुणाला तोंड उघडता येईना. मागून मात्र सगळ्यांनी उघडलं. जाऊबाईंकडून दुपारी चहाची किटली यायची, ती त्याच दिवशी बंद झाली.

तो पाण्याचा दिवस होता. प्रसन्नबांनी स्वतःच चहा ठेवला. दोन कप भरले, सतरंजी झटकून कोपऱ्यात अंथरली, घुंगट घेऊन बसल्या. तीन वाजले. अंगणात घुरघुर नव्हती. नळाखालच्या बादलीत सुतळीएवढी धार पडत होती, तिचा आवाज आत येत होता. त्यांनी कान टवकारले. फाटक वाजलं असं वाटलं. कुत्रं होतं.

साडेतीन झाले. लाभूच्या कपातल्या चहावर साय धरली.

टेम्पो गेल्यापासून फोनही वाजला नव्हता. बंद पडला की काय म्हणून त्यांनी उचलून पाहिला. चालू होता. बापू कधीकधी जेवताना म्हणायचे, काम राहिलं की फोन येतो. झालं की कोण करतंय? तेव्हा त्या भाकरी वाढत असायच्या. ऐकून सोडून द्यायच्या.

चारचे टोल पडले. शेवटच्या शेरीत आत्ता हंड्यांची रांग लागली असेल, लाभू कुणाशी तरी कडकडून भांडत असेल, साडी भिजली असेल. प्रसन्नबांना ते दृश्य कोपऱ्यात बसल्या बसल्या दिसलं आणि घुंगटाआड हसू आलं. मग रडू आलं. गळ्यात पडायला आज कुणी नव्हतं.

जरा वेळाने त्यांनी घुंगट मागे सारला. खोलीत होतंच कोण? लाभूचा कप ओढून घेतला, चहा बशीत ओतला आणि गार झाला होता तरी पिऊन टाकला.